टोमॅटोची पिकअप, चढवलेले पाटे आणि माळशेजचा उतार : एका जुन्या गाडीच्या सस्पेन्शनचं प्रकरण

गाडी आणि तिचं काम

ओतूरच्या पुढे, माळशेजच्या अंगाला असलेल्या एका गावातली ही पिकअप. नोंदणी २०१२ ची. मागे कमानपाटे (एकावर एक रचलेल्या पोलादी पाट्यांची स्प्रिंग, पुढे नुसतं कमान म्हणतो), पुढे दोन्ही चाकांना स्वतंत्र कॉइल स्प्रिंग, चारही कोपऱ्यांत साधे हायड्रॉलिक शॉकअप. कंपनीचं नाव देत नाही, कारण झालं त्यात कंपनीचा दोष नव्हता. मालकांना इथे तात्या म्हणतो. गाडी बहुतेक वेळा त्यांचा पुतण्या चालवतो.

वर्षभर या गाडीला खत, कांदा, कडबा असं काहीतरी असतंच. तिची खरी कमाई मात्र टोमॅटोच्या हंगामात होते. शेतातून तोडा निघाला की काही माल नारायणगावच्या बाजारात जातो आणि काही माळशेज घाट उतरून मुरबाड, कल्याणमार्गे थेट वाशीला. या प्रकरणात घाट फार महत्त्वाचा आहे. जुन्नरकडून जाताना माळशेज उतरावा लागतो, म्हणजे गाडी भरलेली असताना उतार आणि रिकामी असताना चढ. वाशीहून भरून येणाऱ्या गाडीचा जोर इंजिनावर पडतो. आमच्याकडून जाणाऱ्या गाडीचा जोर ब्रेकवर पडतो, आणि जुलैत तिथे धुकं असतं, रस्ता ओला असतो.

तात्या माझ्या गॅरेजमध्ये आले ते जुलै २०२३ मध्ये. टोमॅटोचा भाव तेव्हा कुठे गेला होता, हे जुन्नर तालुक्यात कुणाला सांगावं लागत नाही. एकेका क्रेटला दोन हजारांच्या आसपास भाव मिळत होता. माझ्या प्रत्येक निर्णयावर त्या भावाची सावली होती. गाडी एक दिवस उभी राहिली तर काय बुडतं, ते तात्यांना तोंडपाठ होतं.

तक्रार

तात्यांचं पहिलं वाक्य मी तेव्हाच वहीत लिहून ठेवलं होतं : "शॉकअप नवीन, पाटे वाढवलेले, तरी गाडी घाटात हातात राहत नाही."

पुतण्याने तपशील दिले. उतारावर ब्रेक मारला की गाडीचं नाक खाली जातं आणि मागचा भाग हलका होऊन एका बाजूला सरकतो. घाटाखालच्या टोकावड्याला पोचेपर्यंत पुढच्या चाकांना जळका वास येतो. रिकामी परत येताना गाडी इतकी आदळते की केबिनमध्ये बसवत नाही. आणि माल खराब होतो. आधीही व्हायचा, पण आता जास्त.

या शेवटच्या तक्रारीवर मी अडलो. पाटे वाढवल्यावर माल जास्त का खराब व्हावा? मी विचारलं, "कुठल्या क्रेटमधला?"

पुतण्या म्हणाला, "आधी तळाच्या थरातला चेपायचा. आता वरच्या थरातला जातोय, मागच्या फाळक्याजवळचा."

तपासणी खरं तर इथेच सुरू झाली. तळाचा माल चेपतो तेव्हा गाडी पूर्ण बसून बफरवर, म्हणजे चॅसीच्या रबरी ठोकळ्यावर, आदळत असते आणि वरच्या वजनाखाली तळाचा थर मार खातो. वरचा, मागचा माल खराब होतो तेव्हा हौद्याचं शेपूट उडत असतं. क्रेट क्षणभर अधांतरी होतात आणि परत आपटतात. पाटे चढवण्याआधी एक रोग होता, चढवल्यानंतर दुसरा झाला. तात्या मात्र तो एकच रोग वाढला असं समजत होते.

आधी झालेले दोन उपाय

फेब्रुवारीत गाडी मागून बसायला लागली होती. डावी बाजू जास्त. आपल्याकडे गाड्या डावीकडून चालतात, रस्त्याचा उतार डावीकडे, साइडपट्टीवरचे खड्डेही डावीकडे, त्यामुळे डावी कमान आधी थकते. कुणीतरी सांगितलं, "शॉकअप गेलेत." तात्यांनी दुसरीकडून मागचे दोन्ही शॉकअप बदलून घेतले. २,६०० रुपये गेले. गाडी होती तेवढीच बसलेली राहिली.

हा गैरसमज मी आठवड्यातून एकदा तरी ऐकतो, म्हणून जरा थांबतो. वजन पेलते ती कमान. शॉकअप वजन पेलत नाही. खड्ड्यातून गेल्यावर कमान वर-खाली झुलत राहते, तो झोका मारायचं काम शॉकअपचं. आत तेल असतं, पिस्टनच्या बारीक भोकांतून ते जोराने ढकललं जातं, झोक्याची ताकद उष्णता होऊन निघून जाते. गाडी खड्ड्यानंतर तीन-चार वेळा डुलत असेल तर शॉकअप बघा. उभ्या जागी खाली बसली असेल तर कमान बघा. फेब्रुवारीत त्या गाडीचे शॉकअप बदलायला झालेही असतील, पण बसलेल्या गाडीवरचा तो उपाय नव्हता.

मे महिन्यात दुसरा उपाय झाला. एका ठिकाणी दोन्ही बाजूंना दोन-दोन जादा पाटे चढवून घेतले. मोडीतल्या मोठ्या गाडीचे, १० मिलिमीटर जाड, गॅसने लांबीला कापलेले. खर्च ६,००० रुपये. गाडी लगेच वर आली, तात्यांना समाधान वाटलं.

मूळ कमानीत ८ मिलिमीटरचे पाच पाटे होते. पाट्याचा कडकपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. ८ चे १० मिलिमीटर केले की जाडी सव्वापट होते, कडकपणा जवळजवळ दुप्पट. म्हणजे जाड पाटा एक चढवला तर मूळचे दोन चढवल्यासारखं होतं. दोन चढवले म्हणजे पाचाच्या कमानीत आणखी चार पाट्यांचा जोर आला. लांबीतला फरक सोडून ढोबळ हिशोब केला तरी कमान पावणेदोन पट कडक झाली. शॉकअप मात्र जुन्या कमानीच्या मापाचेच राहिले. कडक कमानीचा झोका मारायला जोर जास्त लागतो, तो त्यांच्यात नव्हता. गाडी वर आल्यामुळे ते रिकाम्या गाडीत जवळजवळ पूर्ण ताणलेले राहत होते. आणखी ताणायला उरलेली चाल इतकी कमी की प्रत्येक उसळीत शॉकअप शेवटाला जाऊन ठोका देत होता. डाव्या शॉकअपच्या वरच्या डोळ्यातलं, म्हणजे अडकवायच्या कडीतलं, रबर फाटलं होतं आणि खालून तेल गळत होतं. पाच महिन्यांचा शॉकअप होता तो.

मोजमाप

मी तात्यांना सांगितलं, पान्याला हात लावायच्या आधी गाडी भुईकाट्यावर न्यायची. त्यांना ते पटलं नाही. "वजन काय करायचंय? गाडी नीट करा." तरीही नेली, कारण या एका आकड्याशिवाय पुढचं सगळं अंदाजाने झालं असतं.

आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) गाडीचं रिकामं वजन १,६५० किलो आणि भरून एकूण २,८५० किलो. काट्यावर एकट्या चालकासह रिकामी गाडी भरली १,७९० किलो. चालकाचे ७० धरले तर आणखी ७० किलो कुठून आले? कडब्यासाठी हौद्यावर बसवलेल्या लोखंडी सांगाड्याचे. तो कधी बसवला हेही तात्यांच्या लक्षात नव्हतं. टोमॅटोला त्याचा उपयोग शून्य.

आता भरलेल्या गाडीचा हिशोब. २० किलो टोमॅटो आणि प्लॅस्टिकचा क्रेट धरून एक नग साधारण २२ किलो. तात्या ६० क्रेट भरत होते, म्हणजे १,३२० किलो. त्यात चालक, सोबतचा माणूस, सांगाडा. एकूण ३,१८० किलो. आरसीपेक्षा ३३० किलो जास्त.

पाटे वाढवून हे वजन कायदेशीर होत नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने ठरवलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या बाबींशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. कलम १९४ प्रमाणे जादा वजनाला २०,००० रुपये दंड, वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये, आणि जादा माल उतरवण्याचा खर्च वेगळा. दंड बाजूला ठेवला तरी मूळ गोष्ट राहते. कमान जाड केली म्हणून अॅक्सल, बेअरिंग, टायर, ब्रेक जाड होत नाहीत. जादा पाट्यामुळे फक्त गाडी बसलेली दिसत नाही. डोळ्याला मिळणारी ती सूचना निघून जाते, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटते.

मग उंची मोजली. याच मॉडेलची, कमी चाललेली आणि कसलीही छेडछाड न झालेली एक गाडी शेजारच्या गावात होती. तिच्या मालकाची परवानगी घेऊन रिकाम्या अवस्थेत चॅसी ते जमीन असं माप घेतलं. तात्यांची गाडी मागे उजवीकडे ५८ आणि डावीकडे ४६ मिलिमीटर वर होती. कागदावरचं माप आणि रस्त्यावरच्या जुन्या गाडीचं माप यांत फरक असतो, म्हणून असा जिवंत नमुना मिळाला तर मी तो सोडत नाही.

उंचीमुळे आणखी एक बिघाड तयार झाला होता. मागचा अॅक्सल खाली राहिला, चॅसी वर गेली, त्यामुळे प्रोपेलर शाफ्टचा, म्हणजे मागच्या अॅक्सलला इंजिनाचा जोर पोचवणाऱ्या दांड्याचा, कोन बदलला. ६० च्या वेगाला केबिनच्या जमिनीत जी थरथर येत होती ती तिथली. शाफ्टच्या सांध्यातला क्रॉस अजून गेला नव्हता, पण त्याच वाटेवर होता.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय तात्यांनीच आणला होता : पाटे आहेत तसे ठेवा, शॉकअप तगडे टाका. यात खर्च कमी आणि वेळ अर्धा दिवस. पण लांबीला बसतील असे शॉकअप शोधावे लागले असते, गॅसने कापलेले पाटे तसेच राहिले असते आणि शाफ्टचा कोनही. मी नाही म्हटलं.

दुसरा पर्याय, जुनेच मूळ पाटे काढून त्यांना परत कमान देणं. ठोकून कमान आणून देणारे कारागीर आपल्याकडे अजून आहेत आणि त्यांच्या हाताबद्दल मला आदर आहे. पण ठोकल्यानंतर पाट्याला नीट पाणी दिलं गेलं नाही, म्हणजे तापवून, तेलात विझवून, परत मंद तापवून घेतला नाही, तर कमान एका हंगामात उतरते. इथे आजूबाजूला तशी भट्टी नव्हती.

तिसरा, अॅक्सल आणि चॅसीच्या मध्ये बसणारे रबरी किंवा हवेचे आधार. रिकामी गाडी मऊ राहते आणि भरल्यावर आधार मिळतो, म्हणून कल्पना चांगली आहे. पण चिखल, उसाच्या शेतातली वाट आणि फुटला तर सुट्टा भाग कुठे मिळेल, हे बघता या गाडीला मी ते सुचवलं नाही. शहरातल्या गाडीला कदाचित सुचवलं असतं.

चौथा : उत्पादकाच्या मापाची पूर्ण नवीन कमान, कमान चॅसीला जोडणारे सगळे बुश, पिन आणि शॅकल नवे, गॅस भरलेले शॉकअप, आणि भरणा आरसीत बसेल एवढाच. खर्च सगळ्यात जास्त, आणि तात्यांना सगळ्यात कडू.

पाचवा, ही गाडी विकून मोठी घेणं. त्यावर तात्या दोन मिनिटं गप्प बसले आणि म्हणाले, "हप्ता नको आता."

चौथ्या पर्यायावर आम्ही खूप वेळ बोललो. सांगाडा तसाच ठेवला तर ४५ क्रेट बसतात. सांगाडा उतरवला तर ४८. म्हणजे फेरीला १२ क्रेट कमी. तात्या शेजाऱ्यांचा माल क्रेटमागे ४० रुपये भाड्याने नेत होते, त्या हिशोबाने फेरीला ४८० रुपये बुडणार. मी त्यांना उलटा हिशोब करायला लावला. ६० मधले किती क्रेट खराब म्हणून पट्टीत, म्हणजे अडत्याच्या विक्रीच्या हिशोबात, कापले जातात? पुतण्याने मोबाइलमधले मागच्या फेऱ्यांच्या पट्ट्यांचे फोटो काढले. चार ते पाच क्रेटचा भाव निम्म्यावर लागला होता. जुलैच्या त्या भावात हे नुकसान ४८० रुपयांच्या कितीतरी पुढे होतं. तात्या माझ्या बोलण्याला राजी झाले नाहीत. पट्टीवरच्या आकड्यांना झाले.

काम कसं झालं

गाडी सोमवारी सकाळी घेतली, बुधवारी सकाळी द्यायचं ठरलं. खर्चाचा आकडाही सोमवारीच सांगून बसलो. ही चूक होती, कारण कमान अजून उघडलेली नव्हती.

संध्याकाळी कमान अॅक्सलला आवळून धरणारे यू-बोल्ट सोडले. डावीकडचे दोन नट हातभर पान्याला सहज फिरले. यू-बोल्ट ढिले असले की कमानीचा सगळा वाक मधल्या भोकावर येतो. वरची प्लेट काढून तारेच्या ब्रशने घासलं तेव्हा मेन पाट्यावर सेंटर बोल्टच्या भोकापासून कडेकडे गेलेली चीर दिसली. केसासारखी, आतून गंजलेली, म्हणजे जुनी. चीर प्लेटखाली होती, वरून कितीही टॉर्च मारली असती तरी दिसली नसती. मेन पाटा म्हणजे ज्याचे दोन्ही डोळे चॅसीला अडकतात तो. तो घाटात तुटला तर अॅक्सल जागेवरून सरकतो.

तात्यांना फोन करून बोलावलं, चीर दाखवली. मालाची ओढ होती. ते म्हणाले, "वेल्डिंग मारा, हा आठवडा जाऊ द्या. मग घेऊ नवीन."

या प्रकरणातला सगळ्यात अवघड क्षण हाच. गिऱ्हाइकाचं नुकसान खरं होतं. पण पाट्याचं पोलाद पाणी दिलेलं असतं. वेल्डिंगच्या उष्णतेने सांध्याच्या शेजारची पट्टी ठिसूळ होते आणि पाटा सांध्यात नाही तर सांध्याला लागून तुटतो. मी सांगितलं, "तात्या, वेल्डिंग करून गाडी माझ्या दारातून जाणार नाही. दुसरीकडे न्यायची असेल तर उघडलेली कमान आहे तशी बांधून देतो, मजुरी नको." राग आला त्यांना. रात्री नऊला पुतण्याचा फोन आला : मेव्हण्यांची पिकअप तीन दिवस भाड्याने मिळतेय, तुम्ही करा काम.

नव्या कमानी मंगळवारी दुपारी पुण्याहून आल्या. बसवताना काही गोष्टी मी हट्टाने करतो, त्या अशा. यू-बोल्ट जुने परत वापरत नाही, एकदा ताणून बसलेला बोल्ट दुसऱ्यांदा तेवढी पकड देत नाही. चारही नट तिरके-तिरके, थोडे थोडे, टॉर्क पान्याने. पाट्यांच्या टोकांत पॅड असतील तिथे कोरडं, नसतील तिथे ग्रॅफाइट ग्रीस. नवा शॉकअप दुकानात आडवा पडलेला असतो, त्यात हवा आणि तेल मिसळलेलं असतं. म्हणून बसवण्याआधी उभा धरून पाच-सहा वेळा पूर्ण ताणून दाबून घ्यायचा, चाल एकसारखी जड लागेपर्यंत.

आणि रबरी बुशचे बोल्ट शेवटचे कसायचे ते गाडी चाकांवर उभी असताना. जॅकवर लटकलेल्या गाडीत कसले तर रबर त्या लटकलेल्या कोनात पकडलं जातं, गाडी खाली आली की कायमचं पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. नवा बुश लवकर गेला म्हणून मालाला दोष देतात, पण खूपदा कसण्याची वेळ चुकलेली असते.

मागचे शॉकअप गॅस भरलेले घेतले. खडबडीत रस्त्यावर सलग चाललं की साध्या शॉकअपमधल्या तेलाचा फेस होतो आणि फेसाला जोर नसतो. गॅसच्या दाबाखाली तेलाचा फेस कमी होतो. घाटाखाली मुरबाडपर्यंत खड्ड्यांचे लांब पट्टे होते, तिथे हा फरक जाणवतो. पुढचे शॉकअप मात्र तसेच ठेवले. दाबून सोडल्यावर पुढचा भाग दीड झोक्यात थांबत होता, "चालेल" असं मी म्हटलं, कारण बिल आधीच वाढलं होतं.

मागच्या कमानी दोन्ही १५,४०० रुपये, शॉकअप ३,६००, बुश-पिन-शॅकल-यू-बोल्ट ३,१५०, मजुरी ४,५००. एकूण २६,६५० रुपये. सोमवारी मी १६,००० सांगितले होते.

घाटात काय दिसलं

गाडी गुरुवारी गेली. ४८ क्रेट, सांगाडा उतरवलेला, मीही सोबत. उंची नमुन्याच्या गाडीशी ५ मिलिमीटरच्या आत जुळत होती. शाफ्टची थरथर गेली होती. ओतूर ते घाटमाथा पुतण्याने तीन वेळा मान हलवून माझ्याकडे बघितलं, इतका फरक होता.

उताराला मात्र नाक खाली जाणं पूर्ण गेलं नाही. टोकावड्याला थांबून मी इन्फ्रारेड थर्मामीटर लावला. पुढच्या डिस्क २६० अंश, मागचे ड्रम ७०. वजन कमी, गिअर दुसरा, वेग बेताचा, तरी पुढचे ब्रेक एकटे काम करत होते.

तिथेच रस्त्याच्या कडेला गाडीखाली झोपलो. मागच्या अॅक्सलच्या वर, चॅसीला लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह असतो. त्याचा रॉड अॅक्सलला जोडलेला असतो. गाडी भरली की चॅसी खाली येते, रॉड सरकतो, व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला जास्त दाब देतो. गाडी रिकामी असली की दाब कमी करतो, म्हणजे हलकी मागची चाकं जाम होत नाहीत. या गाडीचा रॉड खालून सुटलेला होता आणि तारेने चॅसीला बांधून ठेवलेला, वर चिखलाचा थर. मे महिन्यात गाडी वर उचलली गेली तेव्हा रॉड लांबीला पुरला नाही, सांध्यातून निघाला, आणि कुणीतरी तो लोंबू नये म्हणून बांधला. तेव्हापासून व्हॉल्व्ह एकच गोष्ट समजत होता : गाडी रिकामी आहे. ३,१८० किलोची गाडी माळशेज उतरत होती आणि मागच्या ब्रेकला रिकाम्या गाडीचा दाब मिळत होता.

जुलैतल्या त्या "गाडी हातात राहत नाही" या वाक्याचं खरं उत्तर इथे होतं. आणि ते माझ्या हातून पहिल्या तपासणीत सुटलं होतं. गाडी तीन दिवस माझ्या पिटवर होती, रॉड माझ्या डोक्यापासून वीतभर अंतरावर होता.

घाटाचा उतार तिथे संपला होता, म्हणून सावकाश वाशीला जाऊन रिकामे परत आलो. दुसऱ्या दिवशी ८५० रुपयांचा नवा सांधा टाकून रॉड जोडला आणि गाडीच्या मॅन्युअलमधल्या मापाला बसवला. पुढच्या फेरीत, तेवढ्याच क्रेटला, त्याच गिअरमध्ये : डिस्क १९० अंश, ड्रम १२०. शेपूट सरकणं थांबलं.

नंतरचं वर्ष

साधारण ६०० किलोमीटरला यू-बोल्ट परत तपासायला बोलावलं होतं. चारही नट पाव फेरा आत गेले. नवी कमान बसताना थोडी दबतेच, म्हणून ही फेरतपासणी मी बिलावर लिहून देतो.

माल खराब होण्याचं प्रमाण ४८ मध्ये एखाद्या क्रेटवर आलं, बऱ्याच फेऱ्यांत तेही नाही. सप्टेंबरमध्ये पुढचे शॉकअप शेवटी बदलावेच लागले, ३,२०० रुपये आणि परत अर्धा दिवस गाडी उभी. गाडी आठ वर्षांच्या पुढची असल्याने पासिंग दरवर्षी करावं लागतं. पुढचं पासिंग त्रास न होता झालं.

एक गोष्ट लपवत नाही. ऑक्टोबरमध्ये पुतण्याने एका फेरीत ५६ क्रेट भरले. शेजाऱ्याचा माल शेतात पडून होता, नाही म्हणवलं नाही. गाडीला काही झालं नाही. पण गाडी मागून बसलेली दिसली, त्यानेच मला फोन करून सांगितलं, आणि घाट पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये उतरला. जाड पाटे असते तर त्याला ते दिसलंच नसतं.

पुन्हा करायची वेळ आली तर

आकडा सांगण्याआधी कमान उघडेन. १६,००० चे २६,६५० झाले यात तात्यांची फसवणूक नव्हती, पण ते रागावले त्याला कारण होतं. आता मी उघडण्याची मजुरी वेगळी सांगतो आणि बाकी आकडा उघडल्यावर देतो.

ब्रेकची तक्रार सस्पेन्शनच्या तक्रारीत मिसळून आली तर ब्रेकची वाट ब्रेक ऑइलच्या टाकीपासून चाकापर्यंत आधी हाताने चाचपून बघेन. ज्या गाडीची उंची कुणी बदलली आहे, तिचा लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह हा माझ्या यादीत आता पहिला आहे, भुईकाट्याच्याही आधी. चिखल धुऊन मगच गाडी पिटवर घेतो.

पुढचे शॉकअप त्याच वेळी बदलायला हवे होते. मागे ताजा जोर आणि पुढे थकलेला, अशी गाडी वळणावर दोन मनांची होते. बिल कमी दिसावं म्हणून मी ते टाळलं आणि तात्यांना दुसरी मजुरी पडली. निदान दोन्ही आकडे समोर ठेवून निवड त्यांच्यावर सोडायला हवी होती.

वेल्डिंगला नकार दिला तो मात्र तसाच देईन. फक्त त्याआधी भाड्याच्या गाडीची चौकशी मीच करून ठेवेन. त्या रात्री तात्यांपुढे नकार होता, दुसरी वाट नव्हती, ती पुतण्याने शोधली.

सप्टेंबर २०२४ मध्ये, चौदा महिन्यांनी, गाडी परत मोजली. उजवी बाजू जिथल्या तिथे, डावी ६ मिलिमीटर खाली. रस्त्याचा उतार, की डाव्या शॅकलचा बुश, की क्रेट उतरवायच्या सोयीसाठी पुतण्या डावीकडे भरून लावतो ते, तेव्हा नक्की कळलं नाही. बुश काढून बघितला, ठीक होता. त्याला क्रेट मोजून दोन्ही बाजूंना सारखे लावायला सांगितलं, आणि दिवाळीनंतर त्याच जागी, टायरमधल्या तेवढ्याच हवेवर, परत टेप लावायचं ठरवलं.